कॉफीला फूल येईल तेव्हा

यवतमाळहून घाटंजीला निघणाऱ्या दुपारच्या एसटीत इंदूबाई मुनेश्वर चढली की पुढच्या दोन बाकांवरची माणसं आधी एकमेकांकडे बघायची आणि मग खिडक्या उघडायची. तिच्या हातात तांदळाची जुनी पिशवी असायची आणि पिशवीत कॉफीचा ओला चोथा. कडू, जळका, डोक्यात चढणारा वास. चहाच्या चोथ्याला आपल्याकडे कोणी नाक मुरडत नाही, कारण तो घरचा. हा पडला परका. पण बाईला कोणी काही म्हणत नसे, कारण तिच्या दुसऱ्या हाताला नवरा असायचा.

देवराव मुनेश्वर एकतीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर होता. आता त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, यवतमाळच्या दवाखान्यात चार-चार तास मशीनला जोडून त्याचं रक्त धुऊन घ्यावं लागे. नवे ड्रायव्हर त्याला ओळखत. कोणी 'जय भीम, काका' म्हणे, आणि ड्रायव्हरच्या मागची सीट त्याच्यासाठी रिकामी होई. खिडकीला डोकं टेकवून तो डोळे मिटून बसे, आणि तरीही कोणी गिअर चुकीचा टाकला की त्याच्या कपाळाला आठी पडे.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी मात्र इंदूबाईला ना पिशवीचा वास येत होता, ना पोळणारं पत्र्याचं बाक जाणवत होतं. देवराव मशीनवर असताना डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून घेतलं होतं.

"काकू, हाताची शीर बंद पडत चालली आहे. मानेतून नळी टाकावी लागेल, ती किती दिवस चालेल सांगता येत नाही. हृदयही थकलंय. महिना म्हणा, फार तर दोन. ज्याला बोलवायचं असेल त्याला बोलावून घ्या."

बोलवायचा एकच होता, आणि त्या एकालाच बोलवता येत नव्हतं.

हे सगळं देवरावच्या जिभेनं करून ठेवलं होतं. बोललो म्हणजे बोललो, अशी त्याची जीभ. दर रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा, आणि पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी त्याचा आवाज जरा चढायचा. खोटं बोलणार नाही, हे ते शील. "चाळीस वर्षांत चौथं मोडलं नाई," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पाचवं शील दारूचं, तेही त्यानं कधी मोडलं नव्हतं, पण मिरवायचा तो चौथंच. अशा माणसानं फुलसावंगीच्या बापूजींना शब्द दिला होता, की तुमची निकिता माझ्या अश्वजितला केली.

अश्वजित तेव्हा चिकमंगळुरात कॉफीच्या एका मळ्यावर कारकून होता. त्याला शब्दाची खबर पोचायच्या आधीच तो घरी आला. सोबत बायको, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कॉफीची तीन रोपं. बायकोचं नाव नागवेणी. तिच्याकडं कोणाच्या घरी पाहुणं जाताना रोप नेतात, म्हणून तिनं सासऱ्यासाठी रोपं आणली होती. फाटकाशी उभी राहून तिनं ती दोन्ही हातांनी पुढं केली.

देवराव रोपांकडे बघून बोलला, पोरीकडे नाही. "बापूजीले काय तोंड दाखवू मी? खोटा पाडला तू मले." मग म्हणाला, "हे झाड अन् तू, दोघं बी परक्या मातीचे झाले. ज्या दिवशी या झाडाले माह्या अंगणात फूल येईन, त्या दिवशी माह्या घरात पाय ठेवजो. त्याच्या आंधी नाई."

"मंजूर," पोरगा म्हणाला. खाण तशी माती. दोघं आल्या पावली गेले, रोपं फाटकाशी राहिली.

दोन वर्षांनी मशीन सुरू झालं तेव्हा अश्वजित आपलं 'मंजूर' गिळून दवाखान्यात आला होता. दारात पोरगा दिसला आणि देवरावनं हातातली सुई उपटली. चादर लाल झाली, नर्स धावल्या. "फूल आलं का? नाई ना? मंग हा इथं असंल तवर मी सुई टोचून घेत नाई." घेतलीही नाही. तास गेला, दीड तास गेला. शेवटी अश्वजितच बाहेर पडला, आणि जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. इंदूबाईनं ते पाहिलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं तर पिळापायी माणूस जळायला निघाला होता.

म्हणून आता त्या झाडाला फूल यायलाच हवं होतं. दुसरी वाटच नव्हती.

तीन रोपांपैकी दोन पहिल्याच मे महिन्यात करपली. तिसरं इंदूबाईनं निळ्या ड्रमच्या अर्ध्या भागात लावलं आणि बाळंतिणीसारखं जपलं. कडुनिंबाखाली ड्रम, तिन्ही बाजूंनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा आडोसा, वरून ओलं गोणपाट. रोज संध्याकाळी कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी त्याचंच. नळ आठ दिवसांनी एकदा येतो अशा गावात हे लाड. देवराव बाजेवरून सगळं बघायचा, पण झाडाचं नाव त्या घरात निघायचं नाही. तो काढायचा नाही आणि त्याच्या भीतीनं ती काढायची नाही. चार वर्षं दोघं त्या झाडाला वळसा घालून बोलत होते.

चोथ्याचं तिनं आपल्याच मनानं ठरवलं होतं. दवाखान्यासमोर एका अण्णाचं इडली-डोशाचं हॉटेल होतं. डॉक्टर लोक तिथं कॉफी पीत. एकदा अण्णा फिल्टरमधला काळा गोळा नालीत टाकताना तिनं पाहिला आणि तिचा जीव कळवळला. घाटंजीत कॉफी म्हणजे दुधात टाकलेली पूड, तिचा चोथा कुठला मिळायला? तिला वाटलं, झाडाच्याच जातीचं आहे, अंगी लागेल. तेव्हापासून दर खेपेला ती पिशवी भरून आणायची आणि ड्रममध्ये ओतायची. वीतभर थर झाला होता.

आणि झाड वाढलं ना! चांगलं छातीएवढं झालं. पानं अशी हिरवीगार, की शेजारची भुरीबाई दारावर लावायला मागायची. फूल मात्र एक नाही. यंदा हिवाळ्यात पानांच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढ्या हिरव्या कळ्या धरल्या होत्या, त्या तीन महिने तशाच बसून होत्या.

त्या शुक्रवारी घरी आल्यावर देवरावला झोप लागली, तशी ती मागच्या न्हाणीत गेली आणि तिनं सुनेला फोन लावला. दोघींचं चोरून बोलणं दोन वर्षांपासून होतं, पण फाटकाशी टाकलेल्या त्या रोपांचा विषय काढायची इंदूबाईला लाज वाटे. नागवेणी तिला 'अत्ते' म्हणायची, कानडीत सासूबाई, आणि ती नागवेणीला नुसतं वेणी. मराठी ती नवऱ्याकडून शिकली होती, त्यामुळे वऱ्हाडी बोलायची, पण गात गात बोलल्यासारखी.

इंदूबाईनं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. मग नागवेणी म्हणाली, "झाडाचा फोटो पाठवा, अत्ते. जवळून. मातीचा बी."

फोटो गेला. फोन आला.

"हे वर काय टाकलं?"

"कॉफीचा चोथा. त्याच्याच घरचा."

"काढून टाका सगळा. त्याची पपडी झाली, खाली हवा जात नाई. चिमूटभर टाकायचा असते, शेणखतात कालवून. अन् पाणी रोज देता?"

"रोज देतो. एक दिवस चुकवला नाई."

"म्हणूनच," नागवेणी म्हणाली. "कळ्या झोपल्या हायेत. आमच्याकडं तीन महिने पाऊस नसते, झाड तहानेनं पार वाळल्यासारखं होते. मग मार्चात एक मोठा पाऊस पडते. त्या एका पावसानं कळ्या जाग्या होतात, अन् नवव्या दिवशी सगळा डोंगर पांढरा. सगळं एकाच दिवशी. वास असा, की गाडीची काच लावली तरी आत येते. मोगऱ्यावानी वास. पण आधी तहान पाहिजे, अत्ते. तुमी त्याले तहान लागूच नाई दिली."

इंदूबाई न्हाणीच्या दगडावर बसली. ती नेरकडची लेक. बापाबरोबर लहानपणी संत्र्याच्या बागेत राबलेली. बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाड मरतं की काय वाटेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम पाट सोडायचा. त्याला ताण देणं म्हणतात, हे तिला दहाव्या वर्षी माहीत होतं. आणि इथं साठीला आल्यावर मायेच्या भरात विसरली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"किती दिवस ताण?"

"वीस तरी. मग एकदम पाणी, डोक्यावरून, पाऊस पडल्यावानी. पण एक ध्यानात ठेवा. मधात थोडं थोडं पाणी नोको. थोड्या पाण्यानं कळी अर्धी जागी होते अन् जळून जाते. मग वर्षभर काई नाई."

वीस दिवस ताण, नऊ दिवस फुलायला. एकोणतीस. डॉक्टर म्हणाले होते महिना. इंदूबाईनं त्याच संध्याकाळी खुरप्यानं चोथ्याची पपडी सोलून काढली आणि शेणखतात कालवून बाजूला ठेवली. कूलरचं पाणी नालीत ओतलं.

देवरावनं बाजेवरून विचारलं, "कूलरचं पाणी नालीत काहून?"

"घाण झालं होतं," ती म्हणाली. तिच्या नावावर कोणी चौथं शील लिहून ठेवलं नव्हतं.

त्याला सांगावं, असं तिच्या मनात नव्हतं आलं असं नाही. पण सुनेनं सांगितलेली युक्ती म्हटल्यावर तो म्हणाला असता, ही फसवणूक झाली, असलं फूल मी धरत नाही. म्हणून फूल दिसल्यावरच बोलायचं, असं तिनं ठरवलं. ही तिची दुसरी चूक.

आठव्या दिवशी पानं लोंबली. दहाव्या दिवशी कडा तपकिरी झाल्या. ऊन चव्वेचाळीसवर गेलं. दुपारी अंगणात पाय ठेवला की चप्पल चिकटायची. इंदूबाई दारातून झाडाकडे बघायची आणि परत आत वळायची. नळ आला त्या दिवशी तिनं चार गुंड, मोठाले हंडेच, पाण्यानं भरून, फडकं बांधून, कोपऱ्यात ठेवले. तोच तिचा पाऊस. त्यातला थेंबही तिनं कोणाला घेऊ दिला नाही. मर, पण पुरतं मरू नको, असं ती झाडाला मनातल्या मनात म्हणायची. आणि मग लक्षात यायचं, की हेच आपण दोन वर्षं नवऱ्यालाही म्हणत आलोय.

पाण्याचा ताण घरात एकट्या झाडालाच नव्हता. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला पाणी विषासारखं. अंगात साचतं, छातीत चढतं. देवरावला डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर बांधून दिलं होतं. रोज सकाळी ती एक बाटली भरून त्याच्या उशाशी ठेवायची, झोपेपर्यंत तीच. तो बाटलीच्या बुचात पाणी घेऊन एकेक बूच प्यायचा. डिझेल वाचवणारा ड्रायव्हर. संध्याकाळी बाटलीत चार बोटं पाणी उरवायचा आणि तिला दाखवायचा.

ताणाच्या अकराव्या दिवशी तिनं पाहिलं, दुपारी दोनलाच बाटली रिकामी.

"सारं पिले? अजून अर्धा दिवस हाये."

देवरावनं बूच लावून बाटली उशाशी ठेवली. तेराव्या दिवशीही तेच. चौदाव्याही. ओठ मात्र फुटलेले, जिभेवर पांढरा थर. तिला वाटलं, उन्हानं माणसाचा धीर सुटला. ती रागावली. मरणाच्या भीतीनं माणूस रागावतो, तशी रागावली. "पाणी छातीत चढलं मंग? कोणाच्या जिवावर पिऊन राह्यले तुमी? मी किती धावू?" तरी तो काही बोलला नाही. खोटं बोलायचं नसलं की देवराव गप्पच बसायचा. चाळीस वर्षांच्या संसारात हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी शुक्रवार होता. मशीनवर त्याचा रक्तदाब एकदम उतरला, डोळे पांढरे झाले. पाय वर करून, सलाईन लावून त्याला सावरलं. बबिता सिस्टर बाहेर येऊन इंदूबाईवरच चिडली. "काकू, काकांचं वजन वाढलंच नाही या वेळी. अंग कोरडं पडलंय त्यांचं. पाणी देता की नाही? लिटर म्हणजे लिटर द्यायचं, त्याहून कमी नाही."

"देतो ना बाई. दुपारपर्यंत संपवतात."

"मग जातं कुठं?" सिस्टर म्हणाली आणि आत गेली.

इंदूबाईच्या डोक्यात काही बसेना. पिशवी न भरताच ती त्या दिवशी परतली. अण्णानं हाक मारली, तीही तिला ऐकू गेली नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी झाडाशी वाकली तर खालच्या फांदीवर चार कळ्या पांढुरक्या झालेल्या. तिनं त्या बोटानं चाचपल्या. आधी आनंदानं, मग भीतीनं. अजून पाणी दिलं नाही, मग या जाग्या कशा झाल्या? दुपारपर्यंत आणखी वीसएक कळ्या फुगल्या. उघडल्या नाहीत, नुसत्या टोकाशी तडकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चार काळ्या पडून ड्रममध्ये गळून पडल्या होत्या. कपाशीच्या कळ्या गळतात त्या पातेगळीत शेतकरी जसा झाडाखाली उकिडवा बसतो, तशी ती बसली आणि काळ्या कळ्या वेचत राहिली. फोटो पाठवला. नागवेणीचा लगेच फोन आला.

"अत्ते, पाणी कोणी दिलं?"

"कोणी नाई दिलं. तुही शपथ."

"दिलं हाये. थोडं थोडं दिलं हाये कोणीतरी."

भुरीबाईवर तिचा संशय गेला. बाई चांगली, पण कनवाळू. विचारायचं तिनं ठरवलं, तेवढ्यात नळ आल्याची हाकाटी झाली. आठ दिवसांचं पाणी, ते काही संशयासाठी थांबत नाही. भांडी घेऊन ती कोपऱ्यावर गेली. दुपारचा एक वाजला असेल. रांगेत उभी राहिल्यावर आठवलं, मोठी बादली घरीच राहिली. भुरीबाईला भांड्यांवर नजर ठेवायला सांगून ती परत आली.

फाटकातून तिला आधी बाज दिसली. रिकामी.

देवराव अंगणात होता. ज्या माणसाला न्हाणीपर्यंत जायलाही तिचा खांदा लागे, तो भिंतीला धरून, आणि भिंत संपल्यावर बहुतेक बुडावर सरकत, ड्रमपर्यंत पोचला होता. धोतराला माती, कोपर खरचटलेलं. पाठीवर ऊन. मांडीत बाटली धरून तो बुचात पाणी ओतत होता आणि ते बूच झाडाच्या बुडाशी रिकामं करत होता. एक बूच. मग दुसरं. घाई नाही, सांडलवंड नाही. तिसरं बूच त्यानं तोंडाकडे नेलं, थांबला, आणि तेही झाडाला दिलं.

इंदूबाईला सगळं एकदमच कळलं. रोज दुपारी तिचा डोळा लागे तेव्हाच रिकामी होणारी बाटली, फुटलेले ओठ, वजन, सिस्टरचं ते 'मग जातं कुठं'.

तिची सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्याचा.

"मरून राह्यलं हे," तो म्हणाला. "तू त पाणी तोडलं याचं. मले वाटलं, तू आस सोडली."

"मी ताण दिला होता," ती म्हणाली. ती त्याच्याजवळ मातीत बसली. "फूल यावं म्हणून. वेणीनं सांगितलं. वीस दिवस कोरडं ठेवायचं अन् मंग एकदम पाणी. चार गुंड भरून ठेवले म्या. तीनच दिवस राह्यले होते."

देवरावला एसटीतून बाहेर दिसणाऱ्या शेतांपलीकडे शेती माहीत नव्हती. तरी त्याला समजलं. त्यानं ड्रमकडे पाहिलं. फांद्यांवरच्या कळ्या, जेवढ्या राहिल्या होत्या तेवढ्या, टोकाला तपकिरी झाल्या होत्या. त्यानं बोट लावलं. एक गळून त्याच्या तळहातावर पडली.

"माह्या पाण्यानं जळल्या?"

तिनं त्याच्या मांडीतली बाटली काढून घेतली.

"मंग आता?"

"आता पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षाचा अर्थ दोघांनाही माहीत होता. ती तोंडावर पदर घेऊन रडली, अगदी मोठ्यानं रडली, फाटक उघडं आहे याचीही लाज वाटली नाही तिला. चार वर्षं झाडाचं नाव न काढता दोघं एकाच झाडाला जपत होते. एकदा, फक्त एकदा, त्यानं किंवा तिनं तोंड उघडलं असतं!

"कायले दिलं पाणी?" रडता रडता ती म्हणाली. "काय पडलं होतं तुमाले त्या झाडाचं?"

"झाडाचं नाई पडलं," देवराव म्हणाला. आणि मग, "पोराले पाह्याचं हाये मले."

तिनं त्याला काखेत धरून कसंबसं सावलीत ओढलं, ओसरीच्या खांबाला टेकवून बसवलं. बाटलीच्या तळाशी जेवढं पाणी होतं ते ओठांना लावलं. नळावरची भांडी नळावरच राहिली. त्याचा श्वास लागला होता. डोळे मिटूनच तो म्हणाला, "फोन लाव."

"कोणाले?"

"लाव म्हणतो ना."

तिनं लावला आणि आवाज मोठा करून त्याच्या हातात दिला. पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "माय? काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

देवरावनं फोन तोंडाशी धरला. चार वर्षांत या आवाजाशी तो बोलला नव्हता.

"अश्वजित. मी बोलून राह्यलो."

पलीकडून लांबवरची पाखरं ऐकू आली.

"फूल आलं," देवराव म्हणाला.

इंदूबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो समोर बघत होता, ड्रमकडे, वाळक्या पानांकडे. त्याच्या मुठीत ती काळी कळी अजून तशीच होती.

"कधी, बाबा?"

"आज सकाळी. लय आलं. सारं झाड पांढरं."

"खरंच?" पोराचा आवाज फाटला. कॉफीच्या मळ्यात राहणारा माणूस जे कोणालाही विचारील तेच त्यानं विचारलं. "वास येते का? अंगणभर येत असंल ना वास?"

देवराव अडखळला. त्या फुलाचा वास त्याला कुठून माहीत असणार? त्यानं इंदूबाईकडे पाहिलं, पण ती सांगणार कशी, आवाज मोठा केलेला. दोन वर्षं एसटीत मांडीशी बसलेली ती तांदळाची पिशवी त्याला आठवली असेल.

"येते ना," तो म्हणाला. "कॉफीचाच वास. कडू. डोक्यात चढते असा."

इंदूबाईनं डोळे मिटून घेतले. संपलं, असं तिला वाटलं. मोगऱ्याचा वास असतो, सून म्हणाली होती. पोराला ते माहीत नसेल तर कोणाला? आता तो म्हणेल, बाबा, तुम्ही सुद्धा?

पलीकडे इतका वेळ शांतता होती की तिला वाटलं, फोन कटला.

"हौ, बाबा," अश्वजित म्हणाला. "तसाच राह्यते त्याचा वास."

"मंग?"

"निघतो. दोघं बी निघतो. आजच."

"नांदेडवरून येजो," देवराव म्हणाला. "तिथून उमरखेडची गाडी धर. परवा सकाळी पोचतो तू." त्याची मान खांबाला टेकली, फोन मांडीवर घसरला.

मंगळवार परवाच होता. मशीन होईल की नाही, तोवर हा माणूस राहील की नाही, इंदूबाईला काही सांगता येत नव्हतं. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसली. आत काहीतरी कोरड्या पाचोळ्यातून चालल्यासारखं वाजत होतं.

"इंदू," थोड्या वेळानं तो म्हणाला, "चौथं मोडलं आज."

"हौ."

"त्याले पटलं पण."

आता खोटं बोलायची पाळी तिची होती, पण तिला ते जमलं नाही. "त्या फुलाचा वास मोगऱ्यावानी राह्यते," ती म्हणाली. "वेणीनं सांगितलं मले."

देवरावनं डोळे उघडले. "त्याले माईत हाये?"

"मळ्यातच त राह्यते तो."

"मंग तो बी खोटंच बोलला."

"हौ," इंदूबाई म्हणाली.

त्यानं झाडाकडे पाहिलं. मग मूठ उघडून काळी कळी तिच्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या फडकं बांधलेल्या चार गुंडांकडे मान वळवली.

"ते पाणी ठेव तसंच," तो म्हणाला. "दोघं येतीन त आंधी हातपाय धुवाले देजो. लांबून येऊन राह्यले."